तीन लाख साठ हजार तीनशे साठ

गणिताच्या बाईंच्या मेंदूत गाठ होती, आणि तीही बोलणं-हिशेब जिथून चालतात त्या जागेला खेटून. सर्जननी स्पष्टच सांगितलं, की बाईंना जागं ठेवूनच ती काढावी लागेल. मेंदूला दुखत नाही. त्यांनी बोलत राहायचं आणि उत्तर चुकलं की आपण हात थांबवायचा. प्रश्न संख्यांचेच हवेत, असा बाईंनी हट्ट धरला. "बाकी काही गेलं तर निभावून नेईन," त्या म्हणाल्या.

उत्तरं तपासायला लेकीला आत घ्यायचं ठरलं. लेकीचं केस कापायचं दुकान होतं. शाळेत गणिताने तिचा जीव नकोसा केला होता, आणि त्यात आईचा हातभार काही कमी नव्हता. बाईंनी तिला एकच संख्या दिली. तीन लाख साठ हजार तीनशे साठ. एकपासून पंधरापर्यंत प्रत्येकाने भाग जाईल, अशी सगळ्यांत लहान संख्या. लेक आठवडाभर गिऱ्हाइकाच्या डोक्यावर कात्री चालवताना त्या संख्येचे गुणधर्म घोकत होती.

हिरव्या कापडाच्या आडोशाखाली तिला फक्त आईचा चेहरा दिसत होता. पलीकडे सर्जनचे हात.

"आई, नऊने भाग जातो?"

"अंकांची बेरीज अठरा. जातो."

"पूर्ण वर्ग आहे?"

"नाही. पाच एकदाच येतो, त्याला जोडीदार नाही." मग बाई आपणहून म्हणाल्या, "हिला एकशे ब्याण्णव भाजक आहेत."

हे लेकीने पाठ केलं नव्हतं. सर्जननी हात थांबवून बरोबर आहे का विचारलं. कसे आले ते सांग, असं लेकीने आईलाच विनवलं.

"अवयव पाड," बाई वर्गातल्यासारख्या वैतागल्या. "दोन तीनदा, तीन दोनदा. पाच, सात, अकरा, तेरा एकेकदा. प्रत्येक खेपेत एक मिळव आणि गुणत जा."

लेकीने बोटांवर धरलं. चार त्रिक बारा, मग चोवीस, अठ्ठेचाळीस, शहाण्णव, एकशे ब्याण्णव. बरोबर होतं. काम पुढे सुरू झालं.

"सतराने जातो?"

"जातो," बाई शांतपणे म्हणाल्या.

लेकीने पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. आत्ताच सांगितलेल्या अवयवांत सतरा नव्हता. पण आईला चूक म्हणायची तिला सवयच नव्हती. शिवाय थांबवलं तर गाठ आत राहणार. सर्जन मान वर न करता म्हणाले, "थोडंच राहिलंय."

"थांबा," लेक म्हणाली.

सर्जननी हत्यार बाजूला घेतलं. यंत्राची टिकटिक तेवढी चालू होती. लेकीने तिसऱ्यांदा विचारलं. बाईंचे ओठ हलले, पण शब्द येईना. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "सतरा? छे. नाही जात."

तिथे पुन्हा हात लावला तर हिशेबच जायचा, म्हणून उरलेला तुकडा तसाच ठेवून सर्जननी जखम शिवायला घेतली.

त्या तुकड्यासाठी पुढे किरणांचे उपचार घ्यावे लागले. बाईंचे केस गळले, जेवण जाईना. आपण घाई केली की काय, हे लेकीच्या मनातून जाईना. एका दुपारी तिने आईला ते बोलून दाखवलं. बाईंना ऑपरेशनमधलं काहीच आठवत नव्हतं. लेकीने सगळं सांगितलं.

"मी दोनदा ठासून सांगितलं," त्यांनी विचारलं, "तरी तू माझं ऐकलं नाहीस?"

"नाही ऐकलं."

बाईंनी तिचा हात धरला आणि उशी जरा वर सरकवायला सांगितली.