माझी रुसलेली कळ

मित्रांनो, मला जुना म्हणा, थेरडा म्हणा, मी हसून सोडून देईन. भंगार म्हटलं की मात्र माझं डोकं तापतं. मी एक जुना लॅपटॉप आहे, त्यामुळे ते खरोखरच तापतं! बेल्हे गावात मोहनलालशेठच्या पेंडीच्या आणि बैलांच्या दोर-म्होरक्यांच्या दुकानात माझी उमेदीची वर्षं गेली. बाजारच्या दिवशी बैल घेणारे, विकणारे सगळे तिथंच टेकायचे आणि मी बिलं काढायचो. "शेट, तुमचं मशिन लई हुशार हाय, राव," असं नेहमीचं गिऱ्हाईक सोपानभाऊ म्हणाले की मी फुगून जायचो.

दर दिवाळीला शेठाणी सज्जनबाई माझी पूजा करायच्या, तीही झाकण उघडून. "तोंड मिटलेलं असलं तर लक्ष्मी आत कुठून शिरणार?" असा त्यांचा सवाल. मग कुंकू, अक्षता, झेंडूच्या पाकळ्या, सगळं माझ्या कळांवर. मायेपुढं कोण काय बोलणार?

पुढं दुकानात नवा संगणक आला आणि माझी रवानगी माळ्यावर, सरकीच्या पोत्यांशेजारी झाली. इतकी वर्षं राबलो, त्याचं हे फळ. फार वाईट वाटलं मला.

मला खाली आणलं ते घरच्या सुनेनं, जागृतीनं. ती वेबसाइट बनवायला शिकलेली. पुण्याच्या एका कंपनीनं तिला कळवलं होतं, की गुरुवारी व्हिडिओ कॉलवर आमच्यासमोर एक वेबपान लिहून दाखवा. जमलं तर बेल्ह्यात घरी बसून काम करा. दुकानातला संगणक दिवसभर बिलांत अडकलेला.

"हे भंगार कशाला काढलंस?" मोहनलालशेठ म्हणाले.

"पप्पा, यावरच करून दाखवते."

मी मनात म्हटलं, पोरी, आता मीही मागं हटत नाही.

तिनं माझी मंद डिस्क काढून नवी बसवली. जड प्रणाली पुसून हलकी घातली. डोळ्यांना गार वाटावं म्हणून पडदा काळा केला, अक्षरं मोठी केली. खालून वारा खेळावा म्हणून मला खिडकीशी दोन फळकुटांवर ठेवलं. डावीकडे ती लिहायची, उजवीकडे पान लगेच बदललेलं दिसायचं. सरावाला तिनं लेण्याद्रीला येणाऱ्या भाविकांसाठी खोल्यांचं पान घेतलं होतं. मला तर पुन्हा तरणा झाल्यासारखं वाटलं.

सगळं झकास जमलं आणि एक कळ रुसली. स्वल्पविरामाची. बिलात तिचं काम पडत नसे, म्हणून कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. पण वेबपानातली प्रत्येक खूण ज्या टोकदार कंसानं सुरू होते, तो त्याच कळेवर. जागृती तो कंस दुसरीकडून उचलून आणून चिकटवू लागली. सरावाला ठीक, पण कॉलवर सगळ्यांसमोर हे कसं चालणार? गुरुवार तर उद्यावर आला होता.

"सोड नाद," शेठ म्हणाले.

"आधी उघडून तरी बघते," जागृती म्हणाली. तिनं मला बंद केलं आणि ती कळ अलगद उचलली. खाली कुंकवानं माखलेला तांदळाचा दाणा.

सज्जनबाई शेजारीच मटार सोलत बसल्या होत्या. त्यांनी वाकून पाहिलं. "हे तर माझ्याच हातचं गं," त्या कसनुशा होऊन म्हणाल्या. मग त्यांनी गोधडीची सुई आणली, चष्मा चढवला आणि दोघींनी मिळून तो दाणा काढला. पायातला काटा निघावा तसं वाटलं मला.

गुरुवारी जागृतीची बोटं धावली. माझा पंखा घरघरला, अंग तापलं, पण मी अडलो नाही. तिला काम मिळालं.

या दिवाळीला सज्जनबाई ताट घेऊन आल्या. जागृती काही बोलणार, तोच त्यांनी स्वतः माझं झाकण मिटलं आणि पाठीवर एकच टिळा लावला. सुनेकडे बघून म्हणाल्या, "लक्ष्मी कधीच घरात आलीय. आता तिला काम करू दे."

म्हणून सांगतो मित्रांनो, जुनं यंत्र फेकण्याआधी एकदा उघडून बघा. ते बिघडलेलं नसेलही. कुणाच्या तरी मायेचा एक दाणा आत अडकलेला असेल.