इलेक्ट्रॉन फिरत नाही

मुख्य परीक्षकांनी उत्तरपत्रिका बाईंसमोर ठेवली आणि एका ओळीवर बोट टेकवलं. प्रश्न होता, इलेक्ट्रॉनचा स्पिन म्हणजे काय. नमुना उत्तरात छापलं होतं, भोवऱ्यासारखं स्वतःभोवती फिरणं. या उत्तरपत्रिकेत होतं, ‘इलेक्ट्रॉन फिरत नाही’, आणि बाईंनी पूर्ण गुण दिले होते.

भौतिकशास्त्र शिकवत बाईंची एकतीस वर्षं गेली होती. तपासणीच्या खोलीत त्यांचा शब्द कुणी मोडला नव्हता, कारण मुळात त्या शब्द खर्चच करत नसत.

शून्य करा आणि सही करा, साहेब म्हणाले. बाई नाही म्हणाल्या. साहेबांनी गोडीगुलाबीने सांगून पाहिलं, मग परीक्षकांच्या यादीतून नाव जाईल म्हणून बजावलं. निवृत्तीला एक वर्ष उरलंय, कशाला विकतचं दुखणं घेता?

बाईंना आपलंच जुनं पाप आठवलं. पहिली बारा वर्षं त्यांनीही टेबलावर भोवरा फिरवूनच हा धडा शिकवला होता. एकदा एका मुलीने विचारलं, इलेक्ट्रॉनला आकारच नाही, तर तो फिरतो कसा? बाईंनी तिला दटावून खाली बसवलं. घरी मात्र चैन पडेना. सुट्टीभर पुस्तकांत डोकं घातलं, तेव्हा कुठे उमगलं. फिरणाऱ्या वस्तूत असतो तसा जोर इलेक्ट्रॉनच्या अंगी आहे, फिरणं मात्र नाही. विद्युतभारासारखाच तो जन्माचा सोबती, कधी न थांबणारा. भोवरा हवा तसा कलतो. याला मात्र कुठल्याही दिशेने मोजा, उत्तरं दोनच, वर किंवा खाली. शाळा उघडल्यावर हे सांगायला बाई धावत गेल्या, तर त्या मुलीने भौतिकशास्त्र सोडून दुसराच विषय घेतला होता.

“भोवरा समजायला सोपा पडतो, बाई,” साहेब म्हणाले.

“सोपा पडतो. पण खोटा आहे. इथे खरं लिहिलंय, आणि खऱ्याला मी शून्य देणार नाही.”

“मग मी देतो.”

“द्या. खाली सही तुमची करा.”

बाईंनी लाल पेन उचललं. समासात लिहिलं, ‘उत्तर बरोबर आहे’, आणि खाली आपलं पूर्ण नाव घातलं. मग चष्मा डबीत ठेवून त्या उठल्या. साहेबांनी यादीतल्या त्यांच्या नावावर तिथल्या तिथे काट मारली.

दार ओलांडताना मागे कागद सळसळले. शेजारच्या टेबलावरचे सर नमुना उत्तर पालथं घालून आपला तपासून झालेला गठ्ठा पुन्हा तपासायला सोडत होते.