असू दे

मी फटफटी बोलतेय. आता कुठे बोलतेय, कारण बावीस वर्षं मी दूधपावडरच्या अकरा डब्यांत पडून होते आणि डब्यांतून बोलता येत नाही.

माझा मालक घरोघरी जाऊन पाण्याचे मीटर वाचायचा. चढ, खड्डे, भुंकणारी कुत्री, सगळं आम्ही दोघांनी मिळून निभावलं. माझी ताकद बेताची, पण आवाजाने मी गल्ली डोक्यावर घ्यायचे. त्याला त्याचा अभिमान वाटायचा आणि शेजाऱ्यांना ताप.

लग्नानंतर त्याच्या बायकोने मला चालवायला शिकायचं मनावर घेतलं. तिसऱ्याच दिवशी घाबरून तिने ब्रेकऐवजी मूठ पिळली आणि मी दगडी पायरीवर डाव्या कुशीवर पडले. टाकीला वाटीएवढा पोचा पडला. ती रडवेली झाली.

"असू दे गं," तो म्हणाला. "तुझी सही झाली तिच्यावर."

पुढे चालवताना त्याचा डावा गुडघा नेमका त्या खळग्यात टेकायचा. तसा टेकला की मलाही बरं वाटायचं.

मग मी धूर ओकू लागले. मुलगी चार वर्षांची होती तेव्हा एका रविवारी त्याने मला सुटी सुटी केली. "आठ दिवसांत जोडतो," म्हणाला. पिस्टनच्या रिंगा काही मिळाल्या नाहीत. माझा सांगाडा कपाटामागे गेला आणि हॅण्डलवर टॉवेल वाळू लागले. घरात 'आठ दिवस' या शब्दांचा अर्थच बदलला. "नळ गळतोय, आठ दिवसांत बघतो," असं तो म्हणाला की बायको हसायची. "म्हणजे नातवंडं बघणार तर!"

ती आजारी पडली तेव्हा एकदा म्हणाली, "अहो, मला मागे बसवून टेकडीपर्यंत न्या ना."

"तू बरी हो. आठ दिवसांत जोडतो."

ती बरी झाली नाही. त्यानंतर त्याने डब्यांकडे पाहिलंच नाही, आणि पुढे तर त्याची नजरच गेली. रिंगा शोधायला तो आणखी चार दुकानं का फिरला नाही, याचा राग मला आजही येतो.

मला बाहेर काढलं ते मुलीने. ती चष्म्याच्या दुकानात काम करते, बारीक स्क्रूंची तिला सवय. वडिलांना थक्क करायचं म्हणून तिने कुणाला काही सांगितलं नाही. डब्यांवर त्याच्या अक्षरात चिठ्ठ्या होत्या: 'क्लच', 'साखळी', 'हे कुठलं?'. टाकीवर चिकटपट्टीने लावलेली चिठ्ठी होती, 'असू दे'.

मुलगी हसली. "बाबांचं सगळंच असू दे!" म्हणाली, आणि तिने ती चिठ्ठी ओढून काढली. मी ओरडायला हवं होतं, पण माझं इंजिन तेव्हा टेबलावर होतं.

पेंटरने पोचा पुट्टीने भरला, घासला, वर लाल रंग मारला. गॅरेजच्या मिस्त्रींनी रिंगा दुसऱ्या गाडीच्या बसवल्या. सातव्या किकला मी सुरू झाले, तेव्हा मुलगी नाचलीच.

ती वडिलांना हाताला धरून खाली घेऊन आली. माझा आवाज ऐकताच त्याचा चेहरा उजळला. "अगं, ही तर आपली फटफटी!"

त्याचा हात हॅण्डलवरून टाकीवर आला, डाव्या बाजूला गेला, मागे गेला, पुन्हा पुढे आला.

"टाकी बदललीस का गं?"

"नाही बाबा, तीच आहे. मोठा पोचा होता, पेंटरकाकांनी बुजवला. अगदी नवीकोरी दिसतेय!"

त्याने तळवा त्या गुळगुळीत जागेवर टेकवला. मग म्हणाला, "तुझ्या आईने पाडला होता तो." आणि हात काढून घेत हळूच म्हणाला, "असू दे."

मुलीने मला बंद केलं. तिला ती चिठ्ठी आठवली असणार.

"बाबा, मी पुट्टी काढून घेते. आठ दिवसांत…" म्हणाली आणि तिथेच थांबली.

आता रविवारी ती मला चालवते आणि तो मागे बसतो. टेकडीपर्यंत जाऊन येतो आम्ही. लोक माझ्या रंगाचं कौतुक करतात आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. बाहेरून मी गुळगुळीत आहे, पण आत पत्रा अजून तसाच दबलेला आहे. पेट्रोल हिंदकळलं की त्या जागी अडतं.

पोरी, तुझा काही दोष नाही. पण ती पुट्टी खरवडून टाक. रंग गेला तरी चालेल. त्याचा हात अजून तिथे येतो आहे, तोवर खरवड. आजच.