कुरवंड्याहून भरलेलीच परतलेली पेटी

मी एक जुनी लसींची पेटी आहे, मित्रांनो. अंग निळं, झाकण पांढरं, खांद्याला अडकवायला पट्टा. पोटात कडेनं बर्फ आणि मधे इवल्या इवल्या कुप्या. त्या तापू द्यायच्या नाहीत, एवढंच माझं काम. लोणावळ्याहून अपेक्षा सिस्टरांच्या स्कूटरवर मी कितीतरी वर्षं कुरवंड्याला जात होते. माझ्यातला बर्फ टिकला की सिस्टर कौतुकानं माझ्यावर थाप मारायच्या.

त्या गावात रतन राहायची. तिच्या थोरल्या मुलाला, माऊलीला, तान्हेपणी लस दिल्यावर ताप चढला आणि झटका आला. तो लगेच बरा झाला, आता डोंगरावर हुंदडतो. पण रतनच्या मनातून ती संध्याकाळ काही गेली नाही. धाकट्या इंद्रायणीच्या गोवराच्या लशीची वेळ आली, तेव्हा तिनं लेकीला पदराआड घेतलं.

सिस्टरांनी परोपरीनं समजावलं. असा झटका क्वचित येतो, मूल बरं होतं. गोवर मात्र जिवावर बेततो. मग त्यांचा आवाज चढला, शेजारणी जमल्या. सासू भागुबाईंनी चारचौघींत सुनेला अडाणी म्हटलं. जितकं सांगावं तितकी रतन मिटत गेली. शेवटी म्हणाली, "बाई, आजार आला तर त्यो देवानं दिला. सुई मी टोचाया लावली, तर त्ये माज्या हातनं झालं. परत न्हाई सोसायचं मला."

सिस्टर फणकाऱ्यानं उठल्या. लस माझ्यात होती, चांगली गार होती. पाळणा हाताच्या अंतरावर होता. पण पेटीला हात नसतात, मित्रांनो.

त्या उन्हाळ्यात गावात गोवर आला. इंद्रायणी वाचली, पण तिचे कान वाहू लागले आणि ऐकू येणं गेलं. पुढच्या खेपेला आम्ही पोचलो, तर रतन तिला हाका मारत होती आणि पोर पाठमोरी मातीत खेळत होती.

"मी कायबी केलं न्हाई, बाई," रतन म्हणाली. "तरीबी माज्याच हातनं झालं."

सिस्टर मला बाजूला ठेवून अंगणात बसल्या. माऊलीला झटका आला त्या संध्याकाळी काय काय झालं, हे त्यांनी पहिल्यांदाच विचारलं. रतन बोलत राहिली, रडत राहिली.

आता माझी कडी तुटली आहे, मी अडगळीत पडून असते. मित्रांनो, घाबरलेल्या माणसाला अडाणी म्हणू नका. त्याच्याजवळ बसा, आधी त्याचं ऐका. आणि हे वेळेवर करा. सिस्टर त्या अंगणात बसल्या, तेव्हा फार उशीर झाला होता.