राजा येईपर्यंत

मित्रांनो, एका पत्राची आठवण मला अजून अस्वस्थ करते. आंबोलीच्या सुगंधाबाई नावाच्या शिक्षिकेने ते लिहिलं होतं. आठ महिने त्याला उत्तर गेलं नाही, आणि तेवढे दिवस ते माझ्याच पोटाखाली पडून होतं. मी एक जुना, वायरीचा माऊस आहे. माझ्यासारख्याने स्वतःबद्दल काही सांगावं का, याची मला खात्री नाही. पण सुरुवात तर झाली आहे.

माझी उमेदीची वर्षं एका वाचनालयात पुस्तकांची नावं नोंदवण्यात गेली. तिथे मला शहाणा म्हणत. मग बिनवायरीचा माऊस आला आणि मी खोक्यात गेलो. तिथून दिव्याने मला एका जुन्या संगणकासोबत आचऱ्याला आणलं, तिच्या सासऱ्यांसाठी.

सासरे म्हणजे गंगाराम. दशावतारात चाळीस वर्षं त्यांनी पेटी वाजवली. सुगंधाबाईंचे वडील त्याच नाटक कंपनीत राजाचं काम करत. राजाच्या प्रवेशाची चाल आता एकट्या गंगारामांना येत होती. शाळेतली मुलं जत्रेत नाटक करणार होती. 'बाबांची चाल लिहून पाठवाल का? आमच्या पेटीवाल्या सरांना पाच रेघांवरचं इंग्रजी पद्धतीचं स्वरलेखन वाचता येतं,' एवढंच पत्रात होतं. गंगारामांना त्या रेघा येत नव्हत्या, आणि तसं कळवायची लाज वाटत होती.

जत्रा पंधरा दिवसांवर आली, तेव्हा दिव्याने संगणकात सूर लिहिण्याचं सॉफ्टवेअर घातलं. मधोमध कोरा कागद, डावीकडे चिन्हांचे कप्पे, वर लहानमोठ्या सुरांची बटणं. मी त्या पसाऱ्यात हिंडताना पार गोंधळलो. पण तळाशी पेटीसारख्या काळ्यापांढऱ्या पट्ट्या होत्या. त्या दाबल्या की सूर आपोआप रेघांवर बसे. गंगारामांचा चेहरा तिथे जरा उजळला.

पहिल्या दिवशी त्यांनी मला धरून कागदच बाजूला ओढला. पडदा रिकामा.

"दिव्या गो, माजो कागद खंय गेलो?"

"जातलो खंय? तुमीच ढकललास," म्हणत तिने दोन बटणं दाबली आणि कागद परत आणला.

दुसऱ्या दिवशी ते पत्नीला, आनंदीबाईंना, कौतुकाने काम दाखवू लागले. लिहिण्याचं बटण चालूच होतं. माझी टिचकी वाजेल तिथे एकेक सूर उगवला.

"ह्यो कसलो राग?" आनंदीबाईंनी विचारलं.

"तुजोच," गंगाराम म्हणाले, आणि एकेक सूर पुसू लागले.

चौथ्या दिवशी चाल लिहून झाली. चांगली दोन ओळींची. पण गंगाराम थांबेनात. त्याच ओळी पुन्हा, पुन्हा. माझं चाक दुखू लागलं. चौदा पानं झाली.

"इतक्या वेळात राजा जेवान निजलो आसतलो," आनंदीबाई म्हणाल्या.

"राजा कधी येतलो तां पेटीवाल्याक काय म्हायत? कधी मिशी सुटता, कधी कमरपट्टो. मुकुट दिसलो काय थांबायचा. कमी पडला तर सुगंधाचो राजा मुको येतलो," गंगाराम म्हणाले. आवाज बारीक झाला होता.

दिव्याने मला डाव्या कप्प्यांकडे नेलं. तिथे दोन ठिपक्यांचं एक चिन्ह होतं. "ह्या लावला काय परत परत वाजवायचा. किती वेळा तां सांगा, आकडो घालूया."

"आकडो सांगूक येणा नाय," गंगाराम म्हणाले.

"मगे मी काय लिवू?"

"राजा येयपर्यंत."

दिव्या हसली, पण तिने खरंच तसं लिहिलं. चौदा पानांचं एक पान झालं. दोन ओळी, शेवटी ठिपके, आणि वर स्वच्छ अक्षरात 'राजा येईपर्यंत'.

मित्रांनो, ज्याला जे एकट्यालाच येतं, ते त्याने वेळेत कुणाला तरी द्यावं, आणि त्याच्याजवळ बसणाऱ्याने थोडा धीर धरावा. मला एवढंच कळलं. तेही बरोबर असेल असं नाही.

दिव्याने पान छापून पाकिटात घातलं; पत्ता गंगारामांनी स्वतः लिहिला. सोबतच्या चिठ्ठीत एकच ओळ होती, 'उशीर झाला, क्षमस्व.' मग टोपी घालून ते पोस्टात गेले आणि पाकीट पेटीत टाकून आले.