साखर न पाहिलेलं शेवयांचं यंत्र

मित्रांनो, मला जुनं म्हटलंत तरी राग नाही. माझी लाकडी मूठ दोन बायकांच्या हातांनी गुळगुळीत झाली आहे. मी सातपूरच्या कामगार वसाहतीतलं शेवयांचं यंत्र. वरून कणकेचा गोळा घालायचा, दांडा फिरवायचा, की खालच्या जाळीतून शेवया उतरतात.

समोरासमोर राहणाऱ्या मालनबाई आणि सकीना यांनी मला भागीत घेतलं. मालनबाईंकडे बुद्धपौर्णिमेला शेवयांची खीर, सकीनाकडे ईदला शीरखुर्मा. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते, म्हणून माझा सकीनाकडचा मुक्कामही सरकतो. पहिली वाटी मात्र दोन्ही सणांना समोरच्या दारात जाते.

गंमत अशी, की मी गोडाच्या कामाचं, पण साखर कधी पाहिलीच नाही. ती पातेल्यात पडते तेव्हा मी पुसून खाटेखाली गेलेलं असतं. तिथून नुसतं ऐकायचं. मालनबाईंच्या सुनेला, रोहिणीला दिवस गेले तर ती गोड बातमी. जेवण साधं असलं तर पाहुण्यांनी गोड मानून घ्यायचं. कुणी गोड बोलून काम काढून घेतं, त्याचा मात्र सगळ्यांना राग. एकच चव इतक्या ठिकाणी कशी पोचली असेल?

मागच्या वर्षी मालनबाईंना शुगर निघाली. डॉक्टरांनी गोड बंद केलं. हे कुणाला कळू द्यायचं नाही, अशी त्यांनी रोहिणीला तंबी दिली. पण रोहिणीने काळजीपोटी सकीनाच्या कानावर घातलं. ईदला सकीना मला परत करायला आली, सोबत वाटी आणली ती बिनसाखरेची. घरात पाहुणे बसले होते. मालनबाईंनी एक घास घेऊन वाटी खाली ठेवली.

"चार लोकांत मला आजारी ठरवायला आली व्हय?"

"तुमच्या भल्यासाठीच केलं, मालनबाई."

"नको मला तसलं भलं."

अबोला धरला तो धरलाच. पौर्णिमेची वाटीही गेली नाही. मालनबाईंच्या खाटेखाली माझी जाळी गंजू लागली. गंजाचं एवढं नाही, पण त्या दोघींचा आवाज एकत्र ऐकू येईना, याचं मला फार वाईट वाटलं.

यंदा रमजान आला. सकीना मला मागायला आली नाही. तिच्या मुलाने, रियाजने दुकानातल्या शेवया आणल्या, असं रोहिणीने सांगितलं. तशी मालनबाईंनी मला खाटेखालून बाहेर ओढलं, तेलाच्या फडक्याने गंज घासला आणि कडेवर घेऊन गल्ली ओलांडली. शेजारणी ओट्यावर बसल्या होत्या. मालनबाई त्यांना ऐकू जाईल अशाच बोलल्या.

"पीठ मळ. दांडा मी फिरवते. अन् माझ्या वाटीत साखर घालू नको. मला शुगर हाय."

सकीनाने पदराने डोळे पुसले. "तुमचं पातेलं मी अलगच ठेवणार होते," ती म्हणाली.

ईदला मालनबाईंनी ती वाटी चाटूनपुसून संपवली आणि अजून अर्धी मागितली.

मित्रांनो, मला पाण्याने धुऊ नका, कोरड्या फडक्याने पुसा. एवढी काळजी मला पुरते. माणसांचं तसं नसतं. घरात कुणाचं गोड बंद झालं असेल, तर दुसऱ्यांना सांगण्याआधी त्यांनाच विचारा, आणि सणाला त्यांची वाटी चुकवू नका.