विहिरीला हाक

इंग्रजी परीकथांचे ते पुस्तक अश्लेषाला पहिल्या पानापासून खटकत होते. ती बारामतीच्या महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत असे. सात वर्षांच्या लेकीला, प्राचीला, ती त्यातली एक गोष्ट मराठीत सांगत होती: विहिरीशी अदबीने बोलणाऱ्या मुलीचे भले होते, तिला हसणारीची वाचा जाते.

“विहिरी बोलत नसतात,” तिने मध्येच बजावले.

“मग डाळजला अप्पा हाक मारायचे ती? तू सगळ्यांसमोर हसलीस, तेव्हापासून मारत नाहीत.”

अश्लेषाने पुस्तक मिटले. अप्पा, म्हणजे तिचे सासरे, डाळज गावच्या मळ्यात पाण्याची मोटर सुरू करण्यापूर्वी विहिरीकडे तोंड करून लांबूनच ‘हाय का कुणी?’ असे ओरडत. तिने ती अंधश्रद्धा ठरवली होती. कारण मात्र कधी विचारले नव्हते. तिला बसवेना. दोन येरझारा घालून तिने फोन लावला.

“अप्पा, विहिरीत हाक कशासाठी मारायचात?”

“मोटरच्या पायपाची जाळी साफ कराय गडी विहिरीत उतरल्याला असतो. कपारीतला वरनं दिसत न्हाय. बटण दाबलं आन् पाण्यात करंट उतरला तर?”

“मग आता?”

“आता कठड्यावरनं वाकून बघतो. शिकल्याली सून हसती न्हवं.”

शेवाळलेला कठडा आणि अप्पांचे दुखरे गुडघे तिच्या डोळ्यांसमोर आले.

“वाकू नका, अप्पा. हाकच मारा.”

“आन् विहीर बोलली तर?”

“तर बटण दाबू नका.”

अप्पा खदखदून हसले. तिला हसू येईना.

“मोटर लावताना फोन चालू ठेवा,” ती म्हणाली. “मला ऐकायचंय.”